नाल्यापलीकडचं मैदान

साक्री तालुक्यातल्या आमच्या गावी नाल्यापलीकडे क्रिकेटचं मैदान आहे. गावच्या मैदानावर आमच्या बौद्धवाड्यातल्या कुणाला पाऊल ठेवू देत नव्हते, म्हणून माझ्या वडिलांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी दोन उन्हाळे दगड वेचून ते केलं. खेळपट्टी कशी करतात हे कुणाला ठाऊक? दुसऱ्यांची धान्य मळायची खळी करून हात तयार होते, तेव्हा मुरूम ठोकून घट्ट बसवला आणि वर खळ्यासारखंच शेणानं सारवलं. पहिल्या सामन्यात चेंडू उसळायचं नावच घेईना. पाहुणा संघही आमच्यासारख्याच वस्तीतला. ते पोट धरून हसले, मग फावडी मागून घेऊन सारवण खरवडायला बसले. पुढे खेळपट्टी अशी जमली की गावची पोरंही इकडेच यायला लागली. त्यांना कुणी अडवलं नाही.

यंदा ग्रामपंचायतीनं तिथे मैदानाचा इतिहास कोरलेला दगड बसवायचं ठरवलं. मी निवृत्त मास्तर, राहतो जळगावात, पिंप्राळ्याला. सरपंचांनी चार ओळी मागितल्या, मी मोबाइलवर लगेच धाडल्या. नंतर गावी गेल्यावर वडिलांना वाचून दाखवल्या, कारण त्यांना आता दिसत नाही.

"ग्रामस्थांच्या सहकार्याने हे मैदान साकारले..."

"ग्रामस्थ म्हंजे कोन?" त्यांनी मध्येच विचारलं.

"गावमधला बठ्ठा लोक, आबा. सगळा गाव."

"मंग आम्हले खेळू कोन दिनं नही?"

जन्मभर शाळेचे अहवाल लिहून ती ओळ हाताच्या सवयीची झालेली, विचार न करताच उतरली होती.

"आम्हले खेळू दिनं नही, म्हणीसन आम्ही हाई करं. इतलंच लिख," ते म्हणाले. "मी जित्ता शे तवलोंग, मराना पहिले."

तसाच सरपंचांकडे गेलो. माणूस भला, पण दगड कोरून झाला होता. "गुरुजी, आम्ही एक अक्षर बदललेलं नाही. तुम्हीच लिहिलंत ना?" ते म्हणाले. रागवायचं तरी कुणावर? गावानं जे खोटं लिहायला सांगितलंही नव्हतं, ते मी आपण होऊन लिहून दिलं होतं.

अनावरणाला मला शाल-श्रीफळ मिळालं. मी ते घेतलं, याची लाज अजून जात नाही. घरी वडील वाट पाहत होते.

"काय लिखेल शे?"

मी त्यांचंच वाक्य त्यांना म्हणून दाखवलं. त्यांनी ते दोनदा म्हणायला लावलं. मग भिंतीला धरून उठले आणि काठी चाचपू लागले.

"चाल, माले तठे ली चाल. अक्षरं खोल कोरेल शेत ना? बोट फिराईसन वाचसू."