कोपर न वाकवता

आंबवलेल्या कोबीचा वास आधी येतो. दुबईत ऑगस्टमध्ये दव काचेच्या बाहेरच्या अंगाला साचतं. त्या घामेजल्या दुपारमधून जाड लाकडी दार लोटून आत शिरलं, की तो आंबट, उबदार वास अंगावर येतो आणि त्याच्या मागोमाग लोण्यात परतलेल्या बटाट्याचा. भिंतींना पाइनच्या फळ्या, फळ्यांवर हरणांची शिंगं, आणि छताखाली मधाच्या रंगाचा उजेड, जो इथे बारा महिने संध्याकाळचाच असतो. वाळूच्या कडेला कुणीतरी बर्फातल्या डोंगरांची खानावळ आणून ठेवली आहे, आणि ती खोटी आहे हे ठाऊक असूनही मी तिच्यावर प्रेम केलं.

ते प्रेम तिथल्या बाकांमुळे होतं. या जर्मन खानावळीत वेगवेगळी टेबलं नाहीत. लांबच लांब बाकांवर अनोळखी माणसाच्या खांद्याला खांदा लावून बसायचं, मोहरीची वाटी एकमेकांकडे सरकवायची. माझं बालपण इचलकरंजीत पत्रकांच्या घड्या घालण्यात गेलं. बाबा वीजमाग कामगारांची पत्रकं काढायचे. मी अक्षरं शिकले ती ‘आमच्या मागण्या’ या ठळक ओळीवरून, आणि माझं नावही त्यांनी क्रांती ठेवलं. अशा घरातल्या मुलीला एका बाकावर बसलेली माणसं समान वाटतात.

त्या शनिवारी मामाने बोलावलं होतं. हाच मामा तरुणपणी खळीची बादली घेऊन बाबांबरोबर भिंतींवर पत्रकं चिकटवत फिरायचा. आता तो एका बांधकाम कंपनीत मोठा साहेब आहे. आपल्या साइटवरचे दोन गवंडी त्याने बरोबर आणले होते, सुरेशदा आणि दत्ताराम. दोघं गुहागरकडचे, एकाच वाडीतले, इथेही एकाच खोलीत वरखाली झोपणारे. इस्त्रीच्या शर्टात अवघडून बसले होते. चामड्याची अर्धी चड्डी आणि रंगीत पट्टे घातलेला वाढपी आला तेव्हा दत्ताराम सुरेशदाच्या कानाशी म्हणाला, “हे तर आपले जाखडी नाचणारे. नुसती घुंगरं राहिली.” सुरेशदा इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि दत्तारामने त्याच्या पाठीवर थापट्या मारल्या. त्या हसण्यात गणपती आधीच येऊन बसला होता.

यंदा सुरेशदाच्या घरी गणपतीची पाळी होती. भावाभावांत फिरत फिरत मूर्ती पुष्कळ वर्षांनी त्याच्या ओटीवर येणार होती. दत्तारामची मुलगी तो इकडे आल्यावर जन्मली. चालायला लागली तीही फोनवरच. दोघांनी रजा मागितली होती, आणि आजचं जेवण रजा मंजूर झाल्याचं सांगायलाच असावं असं दोघांनाही वाटत होतं.

दर शनिवारी दुपारी इथे एक जुना जर्मन खेळ होतो. काचेचा जाडजूड मग काठोकाठ भरायचा, हात खांद्याच्या रेषेत सरळ धरायचा आणि उभं राहायचं. ज्याचं कोपर वाकलं, तो हरला. अकॉर्डियन वाजू लागतं, बाकांवर मुठी आपटू लागतात. मीही कितीदा आपटल्या होत्या. मामाने पाण्याने भरलेले दोन मग मागवले.

“गणपतीला एकालाच सोडता येईल,” तो शांतपणे म्हणाला. “मी नाव घेतलं तर दुसरा म्हणेल, साहेबांनी पक्षपात केला. हातालाच ठरवू दे. फेअर आहे ना?”

दोघं हसले, साहेबांच्या विनोदावर हसावं तसे. मग मामा हसत नाही हे त्यांच्या लक्षात आलं.

दोघं उभे राहिले. हातातले काचेचे मग वर गेले. बाकांवरच्या गोऱ्या, सावळ्या, अरबी, फिलिपिनो माणसांनी ताल धरला. कुणालाही ठाऊक नव्हतं की त्या काचेत पाणी नसून ओटीवरचं मखर आहे, एका पोरीची पावलं आहेत. आधी दोघं एकमेकांकडे पाहत होते. मग पाहीनासे झाले. सुरेशदाच्या मानेची शीर फुगली, दत्तारामचे ओठ पांढरे पडले, आणि अचानक सुरेशदाचं कोपर मोडल्यासारखं खाली आलं. पाणी माझ्या रिकाम्या ताटात सांडलं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

मामाने मात्र मान हलवली. “मुद्दाम हात सोडलास. एका वाडीतले ना. हे चालणार नाही. खलास, कुणीच जायचं नाही.”

जेवण आलं. कोंबडीचं श्निट्झेल, बटाटे, माझी लाडकी कोबी. सुरेशदाने काटा उचलला. तो ताटावर खडखडू लागला. बोटं मिटत नव्हती. दत्तारामने त्याच्या ताटातले तुकडे कापून दिले.

“मामा, त्याचा हात बघ,” मी म्हणाले. “तो खरंच हरलाय. दत्ताराम जिंकलाय. हा अन्याय आहे.”

मामाने काटा खाली ठेवून नीट पाहिलं. बाबा ज्या शब्दावर मुठी वळायचे, तो शब्द मी उच्चारला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर जुनी ओळख पटल्यासारखं स्मित उमटलं. “क्रांतीबाई म्हणतात तेही खरं. संशयावर निकाल देऊ नये. पुढच्या शनिवारी परत घेऊ. चोख.” मग म्हणाला, “कोबी संपव. गार होतेय.”

सुरेशदाने मान वर केली. त्याच्या डोळ्यांत आशा होती. त्या दुपारी मी पाहिलेलं सगळ्यात भयंकर काही असेल तर ती आशा. आणि तिच्याकडे बघता बघता दत्तारामने सुरेशदासाठी तुकडे कापलेली आपली सुरी त्याच्या ताटावरून उचलून घेतली, पुसली आणि आपल्या ताटाशी ठेवली.

बाहेर ऊन पांढरं होतं. कंपनीची छोटी बस उभी होती, तीत दोघं दोन टोकांच्या खिडक्यांशी बसले. काचेवर दव धरलं होतं, तरी दिसत होतं: दत्तारामने पाण्याची मोठी बाटली हातात घेतली होती आणि हात सरळ, समोर, खांद्याच्या रेषेत धरला होता. दुसऱ्या टोकाला सुरेशदा खिडकीबाहेर पाहत होता. थोड्या वेळाने त्याचाही हात सीटखाली बाटली चाचपू लागला.

बाबांच्या कुठल्याच पत्रकात हे नव्हतं. तिथे जुलूम वरून यायचा आणि खाली माणसं एक व्हायची. माझ्या कपड्यांना अजून त्या कोबीचा वास येत होता, आणि मला भूक लागली होती.