माळवदाखाली यायच्या आधी

उदगीरजवळच्या आमच्या गावाहून आईचा फोन आला, तेव्हा मी नांदेडला कामावर होतो. "दादा गेला रे," ती म्हणाली आणि मग, "घरात गेला... माळवदाखाली." तिचा थोरला भाऊ, माझा किसनमामा. या शेवटच्या शब्दांनी मला रडू फुटलं. कारण हा माणूस आमच्याकडे इतकी वर्षं राहिला तो अंगणातच. पाऊस आला तर गोठ्याच्या पत्र्याखाली जायचा, पण घरात, त्या मातीच्या छताखाली, नाही.

बहात्तरच्या दुष्काळात मामा आणि माझे वडील कर्नाटकातल्या एका सोन्याच्या खाणीत कामाला गेले. मामाचं काम छताला आधार द्यायचं: दगडात बोल्ट ठोकायचे, जाळी ताणायची, लाकडाचे टेकू रचायचे. फार खोल गेलं की दगड नुसता पडत नाही. वरच्या भारानं दबून दबून एकदम फुटतो आणि अंगावर येतो. म्हणून टेकूही थोडा दबणारा लागतो, ताठ असला की मोडतो. मामा बाजेवर बसून हे सगळं रंगवून सांगायचा... आणि वडिलांचा विषय आला की उठून गोठ्याकडे जायचा.

एकदाच बोलला. "म्या सळईनं छत वाजवून पाह्यलं. आवाज भरीव आला. म्हनलं, जावा दाजी आत." पुढचं सांगायची गरज नव्हती. वडिलांचा फोटो भिंतीवर होताच.

आमचा भाग लातूरच्या नव्या जिल्ह्यात गेला, त्या सुमारास मामा खाण सोडून आला. सोबत तीच सळई. आई त्याला कधी टाकून बोलली नाही, पण 'आत ये' असंही म्हणाली नाही. ताट उंबऱ्यावर ठेवायची. मी निजायच्या आधी मामा मात्र उंबऱ्याबाहेरूनच सळई आत लांबवून माळवदाची दाराजवळची तुळई वाजवायचा, कान द्यायचा. गावातली पोरं त्याची नक्कल करत, मलाही हसू येई. आता येत नाही.

शेवटच्या आजारपणात अंगणात उन्हाचा नुसता कहर होता. सुटी काढून आलेला मी त्याला आत न्यायला गेलो, तर बाजेच्या कडेचं लाकूड धरून बसला. तेव्हा आईनं सळई उचलली, आत जाऊन एकेक तुळई वाजवली आणि दारात आली. "भरीव हाय, दादा. ये आत."

भरीव आवाजाचा भरवसा नसतो, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? तरी त्याची मूठ सुटली. "तू म्हनतीस तर येतो, कौसे," म्हणाला आणि लहान पोरासारखा रडला.

परवा गावी गेलो. अंगणात मामाची बाज तशीच, आणि तिच्यावर आई बसलेली. शेजारीण सांगत होती, मामा गेल्यापासून ती बाहेरच निजते.

"आत का जात नाहीस?"

"आता वाजवून कोन बघंल?"

मी सळई घेतली आणि तुळई वाजवली. "भरीव आहे, आई. ये आत."

ती उठून उंबऱ्यापर्यंत आली. कान देऊन उभी राहिली...

"आजून एकदा वाजीव," म्हणाली.