कंट्रोलर आणि आमचं येसर

कपाळावर हात आडवा धरायचा, मान उंटासारखी पुढं काढायची, रस्त्याच्या टोकापर्यंत नजर टाकायची आणि म्हणायचं, “लेट हाय, रद्द न्हाई.” चौसाळ्याच्या बसस्टँडवर कंट्रोलर म्हणून त्यांची सगळी नोकरी गेली. त्यामुळं जगातली प्रत्येक गोष्ट त्यांच्या लेखी एक गाडीच होती. पाऊस, लाइट, पाण्याचा टँकर, शेजारच्या मुलीचं लग्न, सगळं लेट असायचं. रद्द काहीच नसायचं. असा एखादा माणूस तुमच्याही गावात असेल, जरा आठवून बघा.

गाव त्यांना कंट्रोलरच म्हणायचं. मीही तेच म्हणते.

आमची पहिली भेट मला फारशी शोभणारी नाही. मी नव्या नेमणुकीची मास्तरीण, डोळ्यांवर काळा चष्मा, पायात उंच टाचेची चप्पल. बीएडला पहिला वर्ग मिळाल्यामुळं मराठवाडा सुधारायची जबाबदारी एकट्या माझ्यावर आहे, अशी माझी समजूत. खिडकीपाशी जाऊन मी विचारलं, “पाली गावाकडे जाणारी बस केव्हा प्रस्थान करील?”

त्यांनी पेन्सिल कानावर खोचली. “ताई, प्रस्थान न्हाई करत ती. निस्ती सुटती.”

मागची रांग फिदीफिदी हसली. मी ताडकन वळले, तर टाच फरशीच्या फटीत अडकली. मी पुढं, चप्पल मागं. ती त्यांनीच उपसून दिली आणि वर भोंग्यात ओरडले, “प्रवाशांनी आपापलं सामान सांभाळावं!” पुढं कित्येक वर्षं शाळेतली पोरं माझ्या पाठीमागं तेच वाक्य म्हणायची.

आम्ही दोघं मागंपुढं रिटायर झालो. तोवर माझी भाषा आणि माझ्या टाचा, दोन्ही जमिनीवर आल्या होत्या. माझी शेजारीण सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेली सिस्टर. आमच्या ओट्यावर संध्याकाळी तिघांचा चहा व्हायचा. कंट्रोलरची बायको वारलेली, मुलगा पुण्याला. नोकरी संपल्यावरही ते रोज स्टँडवर जाऊन खिडकीशी उभे राहायचे, येणाऱ्याजाणाऱ्याला गाड्या सांगायचे. शेवटी नव्या कंट्रोलरनं अदबीनं सांगितलं, “काका, प्रवाशांच्या बाकड्यावर बसा ना.” त्या दिवसापासून ते स्टँडवर गेले नाहीत.

मुलाचा फोन रोज. “दादा, घर विका, इकडं या.”

“मी तिथं जाऊन काय करू?” ते आम्हाला विचारायचे. “दहाव्या मजल्यावरून गाड्या बघू? वरून निस्ते पत्रे दिसतेत.”

“इथं तरी काय करताय?” सिस्टर म्हणाली. ती सुई टोचल्यासारखंच बोलायची. “बाईंचा चहा संपवताय.”

त्यातून धंद्याची गोष्ट निघाली. सिस्टरला कुरडया करायच्या होत्या. पण कुरडईचा गहू दिवसेंदिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, आणि ते साल असं की बिंदुसरेच्या धरणात पोरं क्रिकेट खेळत होती. टँकर आला की अख्खी गल्ली घागरी घेऊन पळायची.

“बिनपाण्याची गाडी कोणती हाय तेवढं सांगा,” कंट्रोलर म्हणाले.

बिनपाण्याचं म्हणजे येसर. हरभऱ्याची डाळ, गहू, बाजरी, धने, खोबरं, मसाला, सगळं खमंग भाजायचं आणि दळायचं. आपल्याकडं लग्नाच्या पंगतीत येसराची आमटी नसली तर पाहुणे वर्षभर नावं ठेवतात. नवी नवरी असताना सासूबाईंनी मला येसर भाजायला बसवलं होतं. मी विचारलं, “प्रत्येकी किती ग्रॅम?” सासूबाईंनी माझ्या हातातून उलथणं काढून घेतलं आणि मला पाहुण्यांना पाणी द्यायला पाठवलं. ते उलथणं सिस्टरनं माझ्या हाती परत दिलं.

आपल्या जिल्ह्यात पानाची टपरी काढायची तरी आधी चेअरमन ठरतो. कंट्रोलरना सहकारी संस्थाच हवी होती. ते चेअरमन, मी सेक्रेटरी, सिस्टर खजिनदार.

“मग सभासद कोण?” मी विचारलं.

“सभासद कशाला लागतेत? आमसभेत भांडायला?”

सहकार ऑफिसातल्या साहेबांनी तीन माणसांची संस्था होत नाही म्हणून हसून परत पाठवलं. संस्था झाली नाही, पण चेअरमन मात्र चेअरमन राहिले. चेअरमनना भाजता येत नव्हतं, निवडता येत नव्हतं. विकता मात्र यायचं. हायवेच्या कडेला, चहासाठी थांबलेल्या गाडीच्या खिडकीखाली उभं राहून ते त्याच जुन्या सुरात पुकारायचे, “बीड, गेवराईकडं जाणाऱ्या प्रवाशांनी लक्ष द्यावं! चौसाळ्याचं येसर सुटायच्या तयारीत हाय!” झोपलेले प्रवासी दचकून उठायचे आणि पुडी घ्यायचे.

वैशाखात उमापूरहून मोठं काम आलं. दुष्काळामुळं तिथल्या लोकांनी एकाच मांडवात बरीच लग्नं उरकायचं ठरवलं होतं. सगळ्या पंगतींचं येसर आमच्याकडं. त्याच आठवड्यात मुलगा येऊन सांगून गेला होता, “दादा, पावसाळ्याच्या आधी मी गाडी घेऊन न्यायला येणार. आता कारण सांगायचं नाही.”

“हे उमापूरचं नीट पोचू द्या,” कंट्रोलर आम्हाला म्हणाले. “मग पोराला तोंडावर सांगतो, माझ्यावाचून इथं अडतंय.”

लग्नाच्या आदल्या सकाळी पोतं शिवून तयार झालं. कंट्रोलरनी ते स्वतः हायवेवर नेऊन, चहाला थांबलेल्या गाडीत ड्रायव्हरच्या सीटमागं ठेवलं. उमापूरची सकाळची गाडी त्यांनीच हजारदा सोडलेली. पाटी कशाला वाचायची?

दुपारी उमापूरहून फोन. गाडी नाही, पोतं नाही. कंट्रोलरनी स्टँडवर फोन लावला. पलीकडचा पोरगा म्हणाला, “काका, ती गाडी आता माजलगावला जाते. लई दिवस झाले की.”

फोन ठेवून ते ओट्यावर बसले. म्हणाले, “बाई, माझं टाइमटेबलच बाद झालंय. पोरगा बरोबर म्हणतो. मी जातो पुण्याला.”

सिस्टरनं पदर खोचला.

“पुण्याला जायचं तर जा, पण उद्या. आज उमापूरला चला. ताप आल्यावानी तोंड कशाला केलंय? उठा!”

घरात होता नव्हता तेवढा माल आम्ही जीपमध्ये टाकला. कंट्रोलर मागच्या सीटवर, पोत्यांमधलं आणखी एक पोतं होऊन बसले. उमापुरात मांडवामागं चुली पेटल्याच होत्या. आम्ही भाजायला बसलो, तशा लग्नघरच्या बायाही कढया घेऊन आल्या. एक म्हातारी माझ्याकडं बघून म्हणाली, “मास्तरीणबाई, हात चालवा. डाळ काय शाळेत घालायचीय का?” भाजण झालं. पण दळायचं होतं, आणि लाइट दिवस मावळायच्या आत जाणार होती.

गिरणीपुढं ही झुंबड. ज्याच्यात्याच्या घरी पाहुणे, ज्याचीत्याची डाळ, ज्याचंत्याचं पीठ. बाया डब्यांनी एकमेकींना ढकलत होत्या, गिरणीवाला हात जोडून उभा. दळण बंद आणि भांडण चालू.

कंट्रोलर जीपमधून उतरले. तो आवाज ऐकून त्यांची मान आपोआप पुढं आली. गर्दी म्हणजे त्यांचं माहेर! गिरणीच्या कट्ट्यावर चढून त्यांनी असा आवाज टाकला की चक्कीचा पट्टाही थबकला असता.

“ज्वारीवाले डावीकडं! मसाल्याचं सगळ्यात शेवटी, आमचंबी शेवटी! आजीबाई, तुमचा डबा पुढं द्या, तुमी सावलीला बसा. ओ गुलाबी लुगडं, मधी घुसू नका, गाडी भरलीय!”

बाया हसल्या आणि चक्क रांगेत उभ्या राहिल्या. चक्की चालू झाली. एकेक डबा पुढं सरकत गेला. आमचं येसर सगळ्यांत शेवटी दळून झालं, शेवटची मूठ खाली पडली आणि लाइट गेली. गिरणीवाल्यानं कंट्रोलरचे दोन्ही हात धरले. “मामा, तुमी हितंच राहा ना.”

“न्हाई बा,” कंट्रोलर म्हणाले, “मला चौसाळ्यात लई कामं हायेत.”

सिस्टरनं माझ्याकडं बघितलं, मी चक्कीकडं बघितलं. डोळ्यांत येसर गेलं होतं, दुसरं काही नाही.

माजलगावला गेलेलं पोतं दोन दिवसांनी परत आलं, बरंच हलकं होऊन. ड्रायव्हर मंडळींना आमटी आवडली असावी. त्यांच्याकडून पुढं मागणीही येत राहिली.

कंट्रोलर गेले त्यालाही आता काळ लोटला. त्यांच्याच घरात, त्यांच्याच बाजेवर गेले. सिस्टर आणि मी अजून येसर करतो, पण विकायला आमचा आवाज पुरत नाही. प्रवासी झोपलेलेच राहतात.

मला ते आठवतात, ते मुलगा न्यायला आला त्या सकाळचे. आदल्या दिवशी सिस्टरनं खोदून खोदून विचारलं, “मग काय ठरलं?” तर नुसते हसले. सकाळी आम्ही बघतो तर अंगणात मोठी बॅग भरून तयार. मुलगा खुश होऊन बॅग उचलायला गेला, आणि शिंकला. पुन्हा शिंकला. त्यानं चेन उघडली. आत वरपासून खालपर्यंत येसराच्या पुड्या.

“दादा, तुमचे कपडे कुठंयत?”

“दोरीवर,” कंट्रोलर म्हणाले. “वाळत घातलेत. तुझ्या सोसायटीत आमटी कुणाकुणाला आवडती ते विचार, आणि रिकामी बॅग लवकर पाठीव.”