बारा वाजता मोटारी लावा

निगडीतल्या आमच्या गल्लीत छतावर सौरसंच बसवणारा मी शेवटचा. माझे घरही गल्लीच्या टोकाला, ट्रान्सफॉर्मरपासून सर्वांत दूर. महाविद्यालयात इतिहास शिकवून निवृत्त झालो होतो. शेजाऱ्यांची छपरे चकाकताना पाहून पत्नीने आग्रह धरला आणि अखेर मी हे धाडस केले.

पहिल्याच आठवड्यात लक्षात आले की ऐन बाराला, ऊन कडक असताना, माझा इन्व्हर्टर लाल दिवा लावून बंद पडतो. संच बसवणाऱ्याला भीतभीत फोन केला.

"सर, व्होल्टेज चढतंय म्हणून ट्रिप होतोय. इथूनच लिमिट वाढवून देतो. तुमच्या गल्लीत सगळ्यांचं केलंय."

मी "बरं" म्हणालो. माझ्या आयुष्यातील बहुतेक महत्त्वाचे निर्णय या एकाच शब्दाने झाले आहेत, लग्नाचाही.

दुसऱ्या दिवशी बाराला समोरच्या बंगल्यातून किंचाळण्याचा आवाज आला. तिथे मावशी राहतात. ऐंशीच्या घरातल्या, मूळच्या जुन्या गावठाणातल्या. फुप्फुसे थकल्यामुळे त्या दिवसभर ऑक्सिजनच्या मशीनला जोडलेल्या असतात. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेले की मशीनचा स्टॅबिलायझर किंचाळून वीज तोडतो आणि त्यांची सून तव्यावरची पोळी टाकून सिलिंडरकडे धावते. पूर्वी कधीमधी होणारे हे आता जवळपास रोज घडू लागले.

माझा "बरं" आणि ते किंचाळणे यांचा संबंध मला दोन दिवसांत उमगला. कबुली देण्यासाठी मी तीनदा मावशींकडे गेलो आणि तिन्ही वेळा केवळ चहा घेऊन परतलो. तिसऱ्या वेळी पोहेही होते.

अखेर सुनेच्या तक्रारीवरून वीज कार्यालयातील अभियंता मॅडम आल्या. वय माझ्या विद्यार्थिनींएवढे. त्यांनी मावशींच्या खोलीत मीटर लावला आणि त्या आकड्याकडे पाहतच राहिल्या.

"दुपारी सगळी छपरं एकदम वीज तारेवर ढकलतात, आणि ती वापरायला घरात फारसं कुणी नसतं. म्हणून व्होल्टेज चढतं."

"पर गुरुवारी हे मशीन वरडत न्हाई," मावशी म्हणाल्या.

"गुरुवारी आत्यांचा उपास असतो ना," सून सासूकडे पाहत श्रद्धेने म्हणाली.

"गुरुवारी कंपन्यांना सुट्टी असते," मॅडम हसल्या. "चाकणला जाणारी सगळी माणसं घरी. पाण्याची मोटार, इस्त्री, वॉशिंग मशीन, सगळं दुपारी चालू. वीज गल्लीतच खपते. पण एवढं चढण्याआधी इन्व्हर्टर आपोआप बंद व्हायला हवेत. तारेला आणि शेजाऱ्यांना जपण्यासाठीच त्यांची मर्यादा ठरवलेली असते. कुणी वाढवली का?"

"मी," मी म्हणालो.

"काय?" मॅडमना ऐकूच गेले नव्हते. मला दुसऱ्यांदा गुन्हा कबूल करावा लागला.

"मास्तर, तीनदा चा पिऊन गेलात," मावशी म्हणाल्या, "तवा त्वांड शिवलं व्हतं व्हय?"

माझी मर्यादा मॅडमनी तिथल्या तिथे पूर्ववत करवून घेतली. उरलेल्या घरांच्याही वाढवलेल्या मर्यादा उतरवायला आणि ट्रान्सफॉर्मरचे व्होल्टेज कमी करून घ्यायला काही दिवस लागणार होते. तोवर उपाय एकच: दुपारी वीज वापरा. पंखे बंद करा म्हणून विद्यार्थ्यांच्या मागे लागण्यात माझी हयात गेली होती. आता घरोघरी जाऊन वीज जाळा, अशी विनवणी करायची होती.

मी पत्रक लिहिले. "सर्व सन्माननीय रहिवाशांस सविनय विनंती की" येथून आरंभ झाला आणि पूर्णविराम दुसऱ्या पानावर आला. पत्नी म्हणाली, "वाचून होईपर्यंत ऊन उतरेल." तरीही ते मी प्रत्येक टपालपेटीत टाकले. एका शेजाऱ्यांनी अक्षर सुरेख असल्याचे आवर्जून कळवले. दुसऱ्या दिवशी बाराला मशीन किंचाळलेच.

सिलिंडर जोडून झाल्यावर मावशींनी मला बोलावून घेतले. आता मात्र त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

"मास्तर, ही टाकी किती दिस पुरंल? गल्लीला हाक मारा."

"मी?"

"मग कोन? माझा दम वाक्याला पुरत न्हाई. तुमाला काय झालंय?"

मला काय झाले होते, ते मला साठ वर्षांत सांगता आलेले नाही. मी त्यांच्या गॅलरीत गेलो, घसा खाकरला आणि म्हणालो, "कृपया आपापल्या मोटारी सुरू कराव्यात."

खालून जाणारा भाजीवाला थांबला आणि "काय पाहिजे काका?" म्हणून विचारू लागला.

"अहो, असं कुनी ऐकतंय व्हय?" आतून मावशी धापा टाकत म्हणाल्या. "वरडा! मोटारी लावा गं बायांनो, म्हनावं!"

मी डोळे मिटले. "मोटारी लावा गं बायांनो! गिरण्या लावा! मावशींचं मशीन बंद पडलंय!"

आवाज गल्लीच्या दुसऱ्या टोकाला आपटून परत आला. पाच-सहा खिडक्या उघडल्या. कुणीतरी पाण्याची मोटार लावली, कुणी वॉशिंग मशीन, आणि शेजारच्या काकूंच्या मागोमाग घरोघरच्या घरघंट्या, पिठाच्या त्या छोट्या गिरण्या, घरघरू लागल्या. माझ्या पत्नीने एकदम दोन इस्त्र्या तापवल्या. एक लग्नातली होती. स्टॅबिलायझरवरचा आकडा हळूहळू उतरला आणि मशीन पुन्हा संथपणे श्वास घेऊ लागले. सुनेने नळी बदलून सिलिंडर बंद केला.

मावशींनी समाधानाने डोळे मिटले आणि लगेच उघडले. चारही बाजूंनी गिरण्या गर्जत होत्या.

"मास्तर, आता ह्या गोंधळात मी झोपू कशी?"

मी "बरं" म्हणालो आणि, कोणी सांगण्याआधीच, पुन्हा गॅलरीत गेलो. "गिरण्या फक्त लांबच्या घरांत चालू द्या! मावशींच्या शेजारच्यांनी नुसत्या इस्त्र्या लावा!"