वांग्यांच्या गाडीवरचं मत

“मास्तर, उतरा खाली! त्याच्या मोटरीत बसान, तं मत बी त्यालेच द्यान!”

ओरडणारी आमच्या बाजारातली वांगेवाली. अकोल्याच्या जुन्या शहरात तिनं भाव पुकारला, की मोर्णा नदीपलीकडच्या म्हशी पान्हा चोरायच्या. म्युनिसिपालिटीच्या निवडणुकीत ती प्रत्येक सभेला पुढे बसून एकच विचारायची, “बाजारात नळ काहून नाही?” उत्तर येईपर्यंत तिचं टोपलं विकून व्हायचं. त्या काळी मत घरपट्टी भरणाऱ्याला नाहीतर शिकलेल्याला. तिला नव्हतं.

माझा पाय मोडलेला, आणि न्यायला आलेली मोटर उमेदवाराची. तीतून गेलो असतो तर भिडेपोटी मत त्यालाच गेलं असतं. बाईनं हातगाडीवरची वांगी भर रस्त्यात ओतली, मला पोत्यासारखं वर टाकलं आणि मतदानाच्या शाळेपर्यंत गाडी अशी पळवली, की मोटर आमची धूळ खात मागून आली. एवढ्या इतमामानं मला लग्नातही कोणी मिरवलं नव्हतं.

मत देऊन बाहेर आलो.

“मावशी, कोनाले दिलं, सांगू?”

“मले कायले सांगता? बसा लवकर, वांगे सुकून राहिले.”