रिसिव्हरच्या दोन मिशा

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. आप्पांना ठाऊक नाही, बहिणीला ठाऊक नाही, आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवी होती त्या रशीदमामांना तर मुळीच नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — बस्स, एवढंच. त्यात माझा मोठेपणा शोधू नका.

आधी मामांबद्दल बोलू द्या. हे टाळणं नाही... म्हणजे, थोडं आहेच. पण मामा कोण हे कळल्याशिवाय मी काय केलं ते कळायचं नाही.

रशीदमामा माझे सख्खे मामा नव्हेत. शिरूरला एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत ट्रॅक्टरचे डिझेल पंप दुरुस्त करायचं त्यांचं दुकान आहे. आम्ही भांडगावचे. आमच्या ट्रॅक्टरचा पंप पोत्यात घालून मी आणि आप्पा, माझे वडील, त्यांच्याकडे गेलो, तेव्हा मला रांजणगावच्या एका कारखान्यात नुकतीच नोकरी लागली होती. मामा पंपाचा तो बोटाएवढा दांडा डोळ्यांसमोर धरून, श्वास रोखून, त्याच्या घरात असा सोडत होते की जणू झोपलेल्या बाळाला पाळण्यात ठेवताहेत. आणि मागच्या फळीवर एक हेलिकॉप्टर उभं होतं, हातभर लांबीच्या पात्यांचं. मी आपलं विचारलं, हे खेळणं कुणाचं?

"खेळणं न्हाई पोरी," मामा मान वर न करता म्हणाले. "इंजिनवरचं हाय. ह्याला तेल लागतं आन् अक्कल लागती. तेल पुण्यात मिळतं."

अशा माणसावर जीव जडणार नाही तर काय होईल?

शिरूरला घोडनदीच्या काठावर विजेच्या तारा फार आणि माणसं त्याहून जास्त, म्हणून त्यांना उडवायला जागा नव्हती. आप्पा लगेच म्हणाले, आमचा माळ हाय की. आमच्या आधीच्या पिढ्या मेंढरांमागं फिरल्या. आता ऊस आहे, कांदा आहे, पण त्या खडकाळ तुकड्याला नांगर कधी लागलाच नाही. झालं, दर रविवारी मामांची जुनी व्हॅन चौफुल्यावरून भांडगावला यायची आणि नोकरीसाठी शिरूरला राहणारी मी तिथूनच तिच्यात बसलेली असायची. दोन वर्षांत मी जोडणी शिकले, उडवायला शिकले, आणि मामांच्या शिव्या खायलाही शिकले. शिव्या कसल्या? "शहाणे" ही त्यांची सगळ्यात मोठी शिवी.

त्यांचा कान काय सांगू तुम्हाला! नवा रिसिव्हर आणि इंजिनाचे फेरे मोजणारा सेन्सर घ्यायचा हट्ट माझाच होता. सेन्सरचा आकडा रिमोटच्या पडद्यावर दिसतो. मामा म्हणाले, कानाला ऐकू येतंय ते डोळ्यांनी कशाला बघायचं? मग डोळे मिटून इंजिन ऐकलं आणि म्हणाले, सोळा हजार आठशे. पडद्यावर सोळा हजार सातशे साठ. आप्पा एवढे हसले की शेजारच्या रानातली माणसं बांधापर्यंत आली. "तुमचं मशीन चाळीसनं चुकतंय," मामा मला म्हणाले.

रिसिव्हर मात्र त्यांना आवडला होता. काडेपेटीएवढी डबी, आणि तिला तारेच्या दोन बारीक ॲन्टेना. मामा त्यांना मिशा म्हणायचे. हेलिकॉप्टरची चौकट कार्बनची, आणि कार्बन सिग्नल अडवतो. म्हणून एक मिशी उभी ठेवायची, एक आडवी, दोन्ही चौकटीपासून लांब. "मिशी मोकळी पाहिजे, शहाणे," हे त्यांनी मला किती वेळा सांगितलं असेल? मोजलं नाही. पण मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय त्यांनी ठेवली नाही.

दुसरी शिस्त रेंज बघायची. उडवण्याआधी एकानं हेलिकॉप्टर धरायचं, दुसऱ्यानं रिमोटची ताकद कमी करून तीस पावलं मागं जायचं आणि कांड्या हलवायच्या. तिकडं पाती हललीच पाहिजेत. धरायचं काम आप्पांचं. कोकराला बाटलीनं दूध पाजताना धरतात तसं ते धरायचे, आणि हललं की ओरडायचे, "हाललं गं!" तेवढं झाल्याशिवाय मामा इंजिन सुरू करू द्यायचे नाहीत.

आता त्या रविवारावर यायला हवं.

पुण्याकडचे चार हौशी लोक आमचा माळ बघायला येणार होते. भारी गाड्या, भारी यंत्रं. आदल्या आठवड्यात दुकानात बसून मी हेलिकॉप्टर सगळं खोलून पुन्हा जोडलं होतं. मामांनी विश्वासानं सगळं माझ्यावर सोडलं होतं. आणि मला काय वाटलं सांगू? त्या दोन मिशा इकडे तिकडे लोंबताना गबाळ्या दिसतात. पाहुणे काय म्हणतील? म्हणून मी त्या दोन्ही एकत्र केल्या आणि कार्बनच्या चौकटीला चिकटवून प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी आवळल्या. दिसायला इतकं देखणं झालं होतं की मी फोटोसुद्धा काढला. रेंज बघू, कमी भरली तर पट्ट्या सोडू — असं मनात म्हटलं.

त्या दिवशी आप्पा यवतला बियाणं आणायला गेले होते. हेलिकॉप्टर धरायला कुणी नव्हतं. एखाद्या पाहुण्याला सांगता आलं असतं, पण सगळे मामांच्या भोवती चहा पीत होते, ऊन चढत होतं, आणि मामा त्यांना सांगत होते, "जोडनी सगळी हिची बरं का. म्या नुस्ता उडिवतो." मला पंख फुटले. तेवढ्यात त्यांनी मान वळवून विचारलं, "रेंज बगितली का गं?"

"व्हय मामा, बघितली."

किती सहज आलं ते तोंडातून! कारखान्यात मी क्वालिटीत आहे. न तपासता चेकलिस्टवर टिक मारणाऱ्याला मी सगळ्यांदेखत झापते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण — तो पाषाण कसा असतो ते बघायचं तर माझ्याकडे बघा.

मामांनी फार सुंदर उडवलं. पाहुणे कप खाली ठेवून बघत होते. मग हेलिकॉप्टर लांब गेलं आणि तोंड आमच्याकडे करून वळलं, आणि त्या वळणातून बाहेर आलंच नाही. तिरकं झालं, तसंच राहिलं, आणि माळाच्या टोकाला आपटलं. कुणाला लागलं नाही. मामा रिमोट हातात धरून उभे होते. त्यांचे अंगठे अजून कांड्या ओढत होते.

त्या वर्षी त्यांच्या डाव्या हाताला बारीकशी थरथर सुरू झाली होती. डॉक्टरांनी वयाचं आहे म्हणून सोडून दिलं होतं, पण मामा बशी खाली ठेवताना हाताकडे बघायचे. त्या दिवशीही त्यांनी आधी हाताकडेच बघितलं. एक पाहुणा चांगल्या मनानं म्हणाला, "होतं मामा, वयानं होतं. आता आरामात बसून बघायचं."

आणि मला — हे सांगायला जड जातंय — मला सुटल्यासारखं वाटलं.

तरी मामा गडी पक्का. एवढ्यावर ऐकणारा नव्हे. दुसऱ्या दिवशी दुपारी मी दुकानात गेले तर म्हणाले, रिसिव्हरची नोंद काढ, सिग्नल गेला व्हता का बघ. रिसिव्हरच्या पोटात सगळं साठतं. हेलिकॉप्टरचे तुकडे आदल्या दिवशी मीच पोत्यात भरले होते, त्या पट्ट्या कुणाच्या नजरेला पडल्या नव्हत्या. मी लॅपटॉप जोडला. पडद्यावर दोन रेघा आल्या. इंजिनाच्या फेऱ्यांची रेघ आपटेपर्यंत सरळ होती, सेन्सर चोख होता. आणि सिग्नलची रेघ शेवटच्या वळणावर तुटलेली होती. तुटलेली म्हणजे तिथं काही नव्हतंच. मामांचा हात काय सांगत होता ते हेलिकॉप्टरपर्यंत पोचलंच नव्हतं. मी आवळलेल्या मिशांनी ते पोचू दिलं नाही.

मामा पलीकडे पंप पुसत होते. त्यांना चष्म्याशिवाय पडदा वाचता येत नव्हता आणि चष्मा घरी राहिला होता. मी काय केलं? मी सिग्नलची रेघ बंद केली, फेऱ्यांची मोठी केली, आणि लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. "हे बघा मामा, शेवटपर्यंत सरळ आहे. सिग्नल कुठंच गेला नाही."

त्यांनी पडद्याकडे नीट बघितलंही नाही. माझ्याकडे बघितलं. "मंग माझाच हात," ते म्हणाले. "बरं झालं खरं सांगितलंस. दुसऱ्यानं लपिवलं असतं."

तेव्हाही सांगता आलं असतं ना? सांगितलं असतं तर काय झालं असतं — शहाणे म्हणाले असते, आठवडाभर अबोला धरला असता, पुढच्या रविवारी व्हॅन काढली असती. मला त्यांच्या रागाची भीती नव्हतीच. चार लोकांत त्यांनी माझं नाव घेतलं होतं, ते मला परत द्यायचं नव्हतं.

मामांनी उडवणं सोडलं. ते मी कसंबसं पचवलं असतं. पण महिन्याभरात त्यांनी पंपाचं बारीक कामही सोडलं. जो हात हेलिकॉप्टर सांभाळू शकत नाही, त्यानं लोकांच्या पंपाला कसा हात लावायचा, असं म्हणाले. सगळं पुतण्याच्या हवाली केलं. आता ते दुकानाच्या पुढ्यात खुर्चीवर बसतात, आल्यागेल्याशी बोलतात, आणि चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात. रिमोट त्यांनी मला दिला. मी घेतला. मोडलेलं हेलिकॉप्टर उभं केलं, मिशा मोकळ्या केल्या, आणि भांडगावच्या माळावर उडवते. तीन वर्षं झाली. एकदाही आपटलेलं नाही. मामा कधी येतात, आप्पांशेजारी बसतात आणि पाहुणा आला की त्याला सांगतात, पोरीचा हात बघा.

गेल्या आठवड्यात दुकानात गेले होते. न्हावऱ्याचे एक म्हातारे आबा पंप घेऊन आले. पुतण्यानं तो दोनदा खोलला होता, तरी इंजिन धूर टाकत होतं. त्या दिवशी पुतण्याही नव्हता. आबा हात जोडून म्हणाले, "रशीदभाई, तुमीच बगा की एकडाव. तुमच्यासारखा हात तालुक्यात न्हाई."

मामा उठले. खरंच उठले. पंप टेबलावर घेतला, वरचा बोल्ट सैल केला, आत वाकून बघितलं. त्यांचा चेहरा पहिल्या दिवशी बघितला होता तसा झाला. मी दारात उभी होते. मग ते थांबले. बोल्ट परत आवळला. "न्हाई आबा. ह्या हाताचं काय खरं न्हाई. उगं तुमचा पंप बिघडायचा. दौंडला घेऊन जावा."

आबा पंप उचलून गेले. मामा माझ्याकडे वळले आणि विचारलं, "बरूबर केलं ना गं?"

तुमचा हात चुकला नव्हता. चार शब्द. आबा अजून गल्लीच्या तोंडाशीच होते, हाक मारली असती तर परत आले असते.

मी म्हणाले, "बरोबर केलंत मामा."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, डावा. तो जरासुद्धा थरथरत नव्हता. मग त्यांनी चहा सांगितला, तो मी प्याले आणि सेकंड शिफ्टला गेले.