ज्याचं गाणं त्यानंच गावं

सोरखा ग्लासगोच्या बसमधून उतरली ती निळी बॅग घेऊन, आणि नोरीनच्या पोटात तिथंच दुखायला लागलं.

ती बॅग नोरीनची होती. डब्लिनला नर्सिंगच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, तेव्हा तिनं ती हौसेनं घेतली होती. भरूनही झाली होती. मग आई गेली. धाकटी सोरखा तेव्हा नुकती शाळेत जायला लागली होती आणि वडील कायम समुद्रावर. बॅग रिकामी झाली आणि कपाटावर चढली. नोरीन शेजारच्या बंदरात मासळीच्या कारखान्यात लागली, बांगडे साफ करता करता आणि बहिणीच्या वेण्या घालता घालता तिशीपलीकडे गेली. मग सोरखाला ग्लासगोच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला. तिनं खुर्चीवर चढून बॅग खाली काढली, फडक्यानं पुसली आणि विचारलं, "ही तू वापरत नाहीस ना?"

काय बोलणार? वापरत नव्हतीच.

आयर्लंडात डोनेगॉलच्या किनाऱ्यावरच्या पोर्टनाकुली गावात नोरीन मॅकगिन्लीला वाईट म्हणणारं माणूस शोधून सापडलं नसतं. "फार चांगली आहे हो नोरीन," असं लोक म्हणत. दाराची कडी नीट बसते म्हणून तिच्याबद्दल चांगलं बोलावं, तसं. ती कुणाचा हेवा करत असेल हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. पण करायची, आणि मन लावून करायची. लग्न झालेल्या मैत्रिणींचा, बोस्टनला गेलेल्या चुलत भावाचा, आणि सगळ्यात जास्त बहिणीचा. जिला आपण हातानं भरवलं तिचाच हेवा करणं बरं दिसत नाही, म्हणून ती तो झाकून ठेवायची. झाकलेलं आंबतं, एवढाच त्यातला तोटा.

तिचं म्हणावं असं एकच होतं. एक गाणं.

या गावात गाणी रस्त्यावर पडलेली नसतात. एकेक गाणं एकेका माणसाचं. ज्याचं गाणं त्यानंच गावं. तो पाठमोरा झाला, गावाबाहेर गेला, तर खुशाल म्हणा, पण तो खोलीत बसलेला असताना त्याच्या गाण्याला तोंड लावायचं नाही. हे कुणी शिकवत नाही, लहान पोरांनाही कळतं. सोरखा चिमुरडी होती तेव्हा पाद्र्याची टोपी खाणाऱ्या शेळीचं एक गाणं तिचं होतं; आईनंच ते तिच्यासाठी रचलं होतं. पबच्या बाकावर उभी राहून ती म्हणायची. आई गेल्यावर तिनं ते टाकलं, आणि गावानंही पुन्हा कधी ते ओठांवर आणलं नाही.

नोरीनचं गाणं गुराखिणीचं. उन्हाळ्यात गुरं घेऊन डोंगरावर गेलेली पोर, खाली गावात सगळे तिला विसरतात, असं काहीसं. जुन्या आयरिशमधलं, लांबलचक, सावकाश. ते होतं तिच्या कॅसीमावशीचं. मावशी थकली तेव्हा एका रविवारी भर पबमध्ये काठी आपटून म्हणाली, "ऐका रे सगळे. हे आता नोरीनचं." त्या दिवसापासून ते तिचं झालं. नोरीन डोळे मिटून ते म्हणायला लागली की बांगडे, कारखाना, कपाटावरची बॅग, सगळं खाली गावात राहायचं आणि ती वर डोंगरावर असायची.

तर त्या शुक्रवारी सोरखा उतरली, आणि मागून तिचे दोन मित्र. इत्सियार नावाची स्पेनची मुलगी, काळ्याभोर केसांची, सारखी हसणारी. आणि फिनले, ग्लासगोचाच, ताडमाड वाढलेला आणि सदैव भुकेला. शनिवार-रविवार आयर्लंड बघायचं म्हणून आले होते.

"ही नोरीन," सोरखा म्हणाली. "हिनंच मला वाढवलं."

वाढवलं! वासराला वाढवतात तसं. नोरीन हसली आणि फिनलेच्या हातातली पिशवी घेऊ लागली.

तिनं आपली खाट पाहुणीला दिली, फिनलेला माडीवर जागा केली आणि स्वतः बैठकीतल्या कोचावर झोपली. सकाळी खायचा सोडा घालून पाव भाजला. इत्सियारनं डोळे मिटून घास घेतला आणि सोरखाला म्हणाली, "हाच ना तो? तुझा पाव?"

"हाच," सोरखा म्हणाली. "आमच्याकडचा."

आमच्याकडचा! पीठ मळलेले हात कुणाचे ते कुणी विचारलं नाही. आणि मग दिवसभर सोरखाचं तेच. माझा कडा. माझी पुळण. इथं मी पडले होते, बघा खूण. आयर्लंडात साप नाहीत म्हणतात. पण आयत्या बिळावरचे नागोबा तिथंही निघतात, असं नोरीनला त्या दिवशी वाटलं असणार.

सगळ्यात जास्त झोंबलं ते डॅडींचं. नोरीनशी त्यांची रोजची बोलणी मोजकी: चहा झाला का, दार लाव, पाऊस येतोय. तेच डॅडी पोरांसमोर असे फुलले की विचारू नका. दुखरा गुडघा विसरून उभे राहिले आणि होडीएवढ्या शार्कनं जाळं कसं ओढलं ते हातवारे करून सांगू लागले. नोरीन चहाचे कप घेऊन दारात थांबली. ही गोष्ट तिनं जन्मात ऐकली नव्हती.

"हे मला कधी सांगितलं नाहीत, डॅडी?"

"तू कधी विचारलंस?" डॅडी म्हणाले. "दूध कमी आहे यात."

पिकतं तिथं विकत नाही, हेच खरं. तिनं दूध आणून दिलं.

रविवारी चर्च झालं, कोंबडी आणि बटाट्यांचं जेवण झालं आणि सगळे ह्यूडीच्या पबमध्ये गेले. बस संध्याकाळची होती. दुपारची वेळ, खिडकीतून ऊन, शेकोटीजवळ नेहमीची मंडळी. नोरीन सकाळपासून याच वेळेची वाट पाहत होती. इथं तरी पोरांना कळेल, की या बाईकडेही काही आहे. तिनं ठेवणीतला हिरवा स्वेटर घातला होता.

पहिलं गाणं म्हातारा कॉन्डी गायला, बुडालेल्या होडीचं. गावची रीत अशी, की ज्यानं गाणं संपवलं त्याला पुढचं नाव घ्यायचा मान. ज्याचं नाव घेतलं त्यानं नाही म्हणायचं नाही. कॉन्डीनं ग्लास खाली ठेवला आणि डोळे मिचकावले.

"आता आमच्या विद्वान बाई. सोरखा, पोरी, परदेशात जाऊन घसा गंजला नसेल तर होऊन जाऊ दे."

"मला नाही येत काही, कॉन्डी."

"नाही कसं येत?" इत्सियार ओरडली. "तुझं ते म्हण की! डोंगरावरच्या मुलीचं! आमच्याकडे दर पार्टीला म्हणतेस ते. फिनले तर रडतो!"

"नाही हं," फिनले म्हणाला. "एकदाच."

कुणी ग्लासात बघू लागलं, कुणी विस्तवात. ह्यूडी तोच ग्लास पुन्हा पुसू लागला. सोरखानं बहिणीकडे पाहिलं. नोरीननं 'नको' म्हणून नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण तिनं हलवली नाही. तिला बघायचं होतं, ही पोर किती पुढं जाते.

सोरखा उभी राहिली आणि गायली.

कसं गायली ते सांगायलाच हवं, कारण त्यातच सगळी आग आहे. चांगलं गायली. नोरीनपेक्षा चांगलं गायली. जिथं नोरीनचा श्वास तुटायचा तिथं हिचा पुरला. गावातले लोक, ज्यांनी ऐकायचं नाही असं ठरवलं होतं, तेही ऐकत राहिले. नोरीन खुर्चीच्या कडा धरून बसली होती. बॅग नेलीस, घे. कॉलेज, मैत्रिणी, डॅडींचं हसू, घे बाई, सगळं घे. पण हे? माझ्यासमोर? तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

गाणं संपलं. टाळ्या दोघांनीच वाजवल्या, इत्सियारनं आणि फिनलेनं. बाकी कुणी हात उचलला नाही.

सोरखा लाल झाली होती. आता बोलावण्याचा मान तिचा. "नोरीन," ती हळूच म्हणाली. "माझी बहीण गाईल."

नाही म्हणायची सोय नव्हती. नोरीन उभी राहिली. आपलं गाणं आत्ताच कुणीतरी जेवून टाकलेलं, पुढ्यात रिकामं ताट. काय गाणार? आणि मग तिला एकदम सुचलं, आणि जे सुचलं ते चांगल्या मनातून आलेलं नव्हतं. तू माझं खाल्लंस ना? मग मी तुझं खाते. होऊ दे हसं तुझ्या मित्रांपुढं.

ती शेळीचं गाणं गायली. पाद्र्याची टोपी खाणारी शेळी, मधे मधे बें-बेंसकट. हात हलवून, डोळे फिरवून, अगदी पाच वर्षांच्या सोरखासारखी. फिनले हसून हसून टेबलावर आडवा झाला. इत्सियारनं डोळे पुसले. "हे कुणाचं गाणं?" तिनं विचारलं, आणि कॉन्डी म्हणाला, "शेजारीच बसलीय बघ तुझ्या." दुसऱ्या कडव्यानंतर कोपऱ्यातून एक जाड, न लागलेला आवाज तिच्या आवाजात मिसळला. डॅडी गात होते. बायको गेल्यापासून त्यांनी पबमध्ये तोंड उघडलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

सोरखा उठली आणि बाहेर निघून गेली.

नोरीनला बरं वाटलं. खोटं कशाला सांगा? पुरतं एक कडवं बरं वाटलं. मग तिचं लक्ष डॅडींच्या चेहऱ्याकडे गेलं, हे गाणं आईचं होतं हे आठवलं, आणि ते बरं वाटणं कडू झालं.

बसच्या थांब्यावर सोरखा घरून आणलेल्या निळ्या बॅगेवर बसली होती. मित्र घरी सामान आणायला गेले होते. नोरीन जाऊन शेजारी उभी राहिली. माफी मागावी की मागायला लावावी, तिचं तिलाच ठरत नव्हतं.

"माझ्यासमोर म्हटलंस तू ते," शेवटी ती म्हणाली.

"माहितेय."

"अख्ख्या गावासमोर."

"माहितेय गं! इत्सियारनं सगळ्यांसमोर सांगितलं, आणि तू मान हलवली नाहीस. मला वाटलं, चालतंय तुला." सोरखानं बाहीला नाक पुसलं, लहानपणी पुसायची तसंच. "तिथं सगळे म्हणतात, तुझ्या गावचं काहीतरी म्हण. मी शेळीचं म्हणायला जाते, आणि पहिल्या कडव्याच्या पुढं येतच नाही. आईचा आवाजही आठवत नाही मला. तुझा आठवतो. पीठ मळताना तू म्हणायचीस तो. म्हणून मग तेच म्हणते."

नोरीननं बॅगेचा पट्टा सरळ केला.

"तुला आई अख्खी मिळाली, नोरीन. भांडलीस तिच्याशी, स्वयंपाक शिकलीस, सगळं. मला तिची एक शेळी मिळाली, आणि तीही अर्धी. आणि आज तू ती घडाघडा म्हणून दाखवलीस, सगळी कडवी, बें-बेंसकट! लहानपणापासून हेवा वाटतो मला तुझा. इतका वाटतो, की कधीकधी राग येतो."

"माझा?" नोरीन म्हणाली.

"मग कुणाचा? इथं दुसरं आहे कोण?"

एवढ्यात बस आली. तिच्यामागोमाग पिशव्या सांभाळत पाहुणे धावत आले. इत्सियारनं नोरीनला घट्ट मिठी मारली, फिनलेनं उरलेला पाव बरोबर मागून घेतला, आणि दोघं वर चढले. सोरखा पायरीवर एक पाय ठेवून उभी होती.

"शेळीची पुढची कडवी सांग ना."

"आत्ता?"

"मग काय नाताळला?"

नोरीननं ड्रायव्हरकडे पाहिलं, त्यानं घड्याळाकडे. मग ती बसच्या दाराशी उभी राहून हळू आवाजात शेळी म्हणू लागली, आणि सोरखा एकेक ओळ मागून म्हणत राहिली. टोपीनंतर पाद्र्याचा चष्मा होता, चष्म्यानंतर पाकीट. आतली माणसं माना लांब करून ऐकत होती.

"बाई," ड्रायव्हर म्हणाला, "आणखी काय काय खाणार आहे ती? ग्लासगोकडची बोट चुकेल माझी."

"झालंच," नोरीन म्हणाली.

सोरखानं बॅग वर ओढली. "तुझं गाणं नाही म्हणणार पुन्हा. देवाशप्पथ."

"म्हण की. तिकडे खुशाल म्हण. मी खोलीत असताना नाही, एवढंच."

"आणि शेळी?"

"शेळी तुझीच. मी आज जरा चारून आणली."

दार लागलं आणि बस वळणामागं गेली. नोरीन घराकडे निघाली. कोचावर झोपून पाठ धरली होती, घरी भांड्यांचा ढीग होता, उद्या पहाटे पुन्हा बांगडे. ग्लासगोला बहीणच गेली होती, तीच बॅग घेऊन, आणि त्याचा सल तिच्या पोटात अजून होता. तो काही एका संध्याकाळीत जात नाही. पण त्याच्या शेजारी आता दुसरंच काहीतरी येऊन बसलं होतं, आणि त्याचं काय करावं ते तिला कळत नव्हतं. अर्ध्या वाटेवर ती थांबली.

"माझा हेवा!" ती मोठ्यानं म्हणाली.

दगडी कुंपणापलीकडच्या एका मेंढीनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा चरायला लागली.